टेरी फॉक्सचा हिशेब: धावून किती, मागून किती

टेरी फॉक्स हा कॅन्सर संशोधनाला पैसे जमवायला एका कृत्रिम पायाने कॅनडा आडवा पार करायला निघालेला पोरगा. तो धावायचा थांबला त्या दिवशी त्याच्या मोहिमेत १७ लाख कॅनेडियन डॉलर जमले होते. पाच महिन्यांनी, १ फेब्रुवारी १९८१ ला, तोच आकडा २ कोटी ४१ लाख ७० हजारांवर पोचला. म्हणजे एकूण पैशातला जेमतेम ७ टक्के पैसा तो रस्त्यावर असताना आला. उरलेला ९३ टक्के आला तो घरी परतल्यावर, त्याच्यावर पुन्हा केमो सुरू असताना.

हा भागाकार मी केला तो आमच्या ठाण्याच्या रनिंग ग्रुपमुळे. लहान मुलांच्या कॅन्सरसाठी दहा किलोमीटरची एक रन घ्यायची असं चाललं होतं. त्याआधी आमच्यातले काही जण अशाच एका चांगल्या हेतूच्या रनच्या आयोजनात होते. टी-शर्ट, मेडल, टायमिंग चिप, मंडप, नाश्ता, झुंबावाला आणि त्याचे स्पीकर हे सगळं वजा करून दान म्हणून जे उरलं, त्याचा चेक देताना फोटो काढायचीसुद्धा लाज वाटली होती. म्हणून या वेळी आधी जुनं एखादं प्रकरण नीट पाहू या असं ठरलं, आणि ते माझ्याकडे आलं. टेरी फॉक्सचं नाव सगळ्यांना माहीत असतं. एका पायाने धावणारा पोरगा एवढंच बहुतेकांना आठवतं. पैशाचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

आधी माणूस. जन्म २८ जुलै १९५८, विनिपेगचा. वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलममध्ये. बास्केटबॉलचं वेड. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याची गाडी एका ट्रकवर आदळली आणि उजव्या गुडघ्याला मार बसला. पुढे गुडघा दुखत राहिला. खेळाचा हंगाम संपेपर्यंत त्याने दुखणं अंगावर काढलं आणि मार्च १९७७ मध्ये डॉक्टर गाठला. निघाला ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कॅन्सर. अपघाताने गुडघा कमजोर झाला म्हणून हे झालं असं टेरीला वाटायचं, डॉक्टरांना तसं वाटत नव्हतं. हा आजार बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपासच येतो आणि तो येतो मुलं झपाट्याने उंच होतात त्या वयात. आपल्याकडे याच दुखण्याला ‘वाढीचं दुखणं’ म्हणतात, किंवा खेळताना लागलं असेल म्हणून हाडवैद्याकडे मालिश आणि पट्टी होते, आणि महिने निघून जातात. रात्री झोपेतून उठवणारं, एकाच जागचं, सूज असलेलं दुखणं असेल तर आधी एक्स-रे. हे विषयांतर आहे, पण मुद्दाम केलेलं आहे.

पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एका मासिकातला लेख आणून दिला. कृत्रिम पायाने न्यूयॉर्क मॅरेथॉन धावलेल्या डिक ट्रॉमवरचा. पुढे १६ महिने केमो. डॉक्टरांनी त्याला सांगितलेली एक गोष्ट या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे: तुझी जगण्याची शक्यता ५० टक्के आहे, दोनच वर्षांपूर्वी हीच शक्यता १५ टक्के होती. पोरगा १८ वर्षांचा. त्याला लगेच कळलं की मधल्या ३५ टक्क्यांना संशोधन म्हणतात. त्याच वॉर्डात त्याने लहान मुलं पाहिली, रात्रीचं त्यांचं विव्हळणं ऐकलं. कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला ऑक्टोबर १९७९ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने देशभर धावायची ही कल्पना मांडली आणि म्हटलं की मी सुटलो तरी ते चेहरे तिथेच राहणार आहेत हे माहीत असताना मला निघून जाता येणार नाही.

सोसायटीने काय केलं? हुरळून गेली नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र आण, प्रायोजक स्वतः मिळव, मग बघू, असं सांगितलं. मला हे उत्तर आवडतं. रोज कोणी ना कोणी अशी भन्नाट कल्पना घेऊन दारात उभं राहत असणार. टेरीने दोन्ही केलं. फोर्डने गाडी दिली, इम्पीरियल ऑइलने इंधन, आदिदासने बूट. पण ज्यांनी मदतीच्या बदल्यात आमच्या मालाची जाहिरात कर म्हटलं, त्यांना त्याने परत पाठवलं. हातात फारसं काही नसतानाही. या मोहिमेतून कोणाचाही धंदा होणार नाही, हा नियम पहिल्या किलोमीटरच्या आधी ठरला होता. माझ्या मते पुढचं बरंचसं यावरच उभं राहिलं.

१२ एप्रिल १९८० ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला त्याने कृत्रिम पाय अटलांटिकमध्ये बुडवला आणि पश्चिमेकडे निघाला. मित्र डग ऑल्वर्ड गाडी चालवायला आणि स्वयंपाकाला. रोज साधारण एक मॅरेथॉन, ४२ किलोमीटर, हे लक्ष्य. आपण एक फुल मॅरेथॉन धावलो की चार दिवस जिना उतरताना कठडा धरतो. त्याचा तो पाय त्या काळातला, चालण्यासाठी बनलेला. धावताना त्याला डाव्या पायावर दोन उड्या घ्याव्या लागत, तेवढ्या वेळात कृत्रिम पाय मागून पुढे येई. कापलेल्या पायाच्या टोकाला फोड, रक्त. पहिल्या काही दिवसांतच वादळ आणि बर्फ. नोव्हा स्कोशियापर्यंत डग आणि तो एकमेकांशी धड बोलत नव्हते. शेवटी १७ वर्षांच्या डॅरिलला, टेरीच्या धाकट्या भावाला, दोघांच्या मध्ये आणून बसवावं लागलं. लांब पल्ल्याची कुठलीही मोहीम केलेल्याला हे वाचून हसू येईल.

पैसे? सुरुवातीला यथातथाच. फक्त एक गाव वेगळं निघालं. न्यूफाउंडलंडच्या टोकाचं पोर्ट ओ बास्क. वस्ती दहा हजारांच्या आसपास, आणि जमले दहा हजारांहून जास्त डॉलर. माणशी एक डॉलर! टेरीने निघताना दहा लाखांचं स्वप्न धरलं होतं, मग ते एक कोटीचं झालं. या गावानंतर हळूहळू मागणीचं रूपच बदललं: कॅनडातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर. तेव्हाची लोकसंख्या साधारण २ कोटी ४० लाख. मागणी आणि लक्ष्य एकाच वाक्यात. शाळेतल्या पोरालाही कळेल, खिशात असेल, आणि आपला वाटा दिला की नाही हे ज्याचं त्याला ठाऊक. ‘सढळ हस्ते मदत करा’ या आपल्या लाडक्या वाक्यात यातलं काहीच नाही. किती म्हणजे सढळ ते कोणी सांगत नाही, त्यामुळे हात खिशातच राहतो.

पण मागणी चांगली असून भागत नाही, ती पोचावी लागते. क्वेबेकमध्ये भाषा फ्रेंच, टेरीच्या चमूला ती येत नव्हती, पुढे जाऊन खबर देणारं कोणी नव्हतं. गाड्यांनी त्याला रस्त्याच्या कडेला रेटलं. जूनच्या अखेरीस माँट्रियलला पोचेपर्यंत अंतराचा तिसरा हिस्सा संपला होता आणि गोळा झाले होते दोन लाख डॉलर. पाय तोच, माणूस तोच, वेदना तीच.

मग ओन्टारियो सुरू झालं आणि सगळं पालटलं. तिथल्या कॅन्सर सोसायटीच्या शाखेच्या बिल व्हिगर्स नावाच्या माणसाने पुढच्या गावांत आधीच तयारी करून ठेवली होती. हॉक्सबरीच्या वेशीवर बँड आणि हजारो माणसं. ओटावात पंतप्रधानांची भेट. ११ जुलैला टोरोंटोच्या नेथन फिलिप्स चौकात दहा हजारांची गर्दी, एका दिवसात एक लाख डॉलर. आइस हॉकीतला देव मानला जाणारा बॉबी ऑर २५ हजारांचा चेक घेऊन आला. त्याच्याही आधी फोर सीझन्स हॉटेलांचे मालक इसाडोर शार्प मागे उभे राहिले होते. त्यांचा मुलगा १९७८ मध्ये कॅन्सरने गेला होता. त्यांनी वाटेत राहण्याखाण्याची सोय केली, मैलामागे दोन डॉलर कबूल केले आणि जवळजवळ हजारभर कंपन्यांना तेच करायला लावलं. धावणारा एक, पण पैसा आणणारी ही दुसरी फळी. आमच्या ग्रुपमध्ये पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगाने इतरांना सोबत नेणारे, चाळीस निघतील, फोन करून पैसे मागणारे दोन. तेही कुरकुरत.

ऑगस्टच्या शेवटी, सुपीरियर सरोवराच्या काठी टेरेस बे इथे, त्याला ग्रेग स्कॉट भेटला. वय वर्षं १०. त्यालाही हाडाचाच कॅन्सर, त्याचाही एक पाय गेलेला, केमोने केस गेलेले. टेरी धावत होता आणि ग्रेग मागे सायकल मारत होता, बराच वेळ. नंतर दोघं तळ्यात पोहले. संपूर्ण प्रवासातला हाच दिवस आपल्याला सर्वांत जास्त बळ देऊन गेला, असं टेरीने सांगितलं. मोठमोठी माणसं भेटून झाली होती तरीही.

१ सप्टेंबरला थंडर बेच्या अलीकडे खोकला आणि छातीत कळ. रस्त्याकडेला माणसं उभी होती म्हणून ती मागे पडेपर्यंत तो धावला आणि मग गाडीत बसून म्हणाला, हॉस्पिटलात न्या. कॅन्सर फुप्फुसांत गेला होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. दिवसाची सरासरी साडेसदतीस. श्रीनगर ते कन्याकुमारीच्या जवळपास दीडपट.

इथे एक गोष्ट मला खटकते आणि ती दडवून हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. वाटेत त्याला चक्कर येत होती, डोळ्यांना एकाचे दोन दिसत होते, आणि तो तपासणी टाळत राहिला. धावण्यामुळे कॅन्सर उलटला असं मुळीच नाही. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी रक्तातून फुप्फुसात जातात, आणि बऱ्याचदा निदानाच्या वेळीच नजरेला न दिसणाऱ्या रूपात त्या तिथे पोचलेल्या असतात. केमो असतो तो त्यांच्यासाठीच. पण ‘आज धावायचं नाही’ असं त्याला ठणकावून सांगायचा अधिकार त्या मोहिमेत कोणाकडेच नव्हता. रेस डायरेक्टरशिवाय रेस घेऊ नये ती याचसाठी.

आठवडाभरात, ९ सप्टेंबरला, सीटीव्ही वाहिनीने पाच तासांचा कार्यक्रम केला. एक कोटी पाच लाख डॉलर. ब्रिटिश कोलंबिया आणि ओन्टारियो सरकारांनी प्रत्येकी दहा लाख दिले. आता हिशेब असा: पायाखाली किलोमीटरमागे साधारण ३१६ डॉलर, आणि टीव्हीवर तासाला २१ लाख. पण त्या पाच तासांत लोक ज्याला पैसे देत होते ती गोष्ट आधीचे १४३ दिवस रस्त्यावर तयार झाली होती. धावणं हा पुरावा होता. पैसा आला तो मागणीमुळे, आणि मागणी पोचवणारी यंत्रणा उभी राहिल्यामुळे. आम्ही लोक पुरावा झाला की काम झालं समजतो, कारण त्यातच मजा असते.

टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाच्या खेळाडूंनी उरलेलं अंतर आम्ही धावतो म्हटलं. टेरीने नको म्हटलं, बरा झालो तर मीच पूर्ण करीन. केमो झाला, त्या काळी फार आशेने पाहिलं जाणारं इंटरफेरॉन हे औषधही देऊन झालं. २८ जून १९८१ ला तो गेला. बावीस वर्षांचा होता, तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना बाकी. ग्रेगही वाचला नाही.

१३ सप्टेंबर १९८१ ला पहिली टेरी फॉक्स रन झाली. शार्प यांनी टेरी हॉस्पिटलात असतानाच तार करून तसा शब्द दिला होता. तीन लाख लोक, ३५ लाख डॉलर. रनचे नियम टेरीच्याच स्वभावाचे: प्रवेश फी नाही, किमान रकमेची अट नाही, पहिला-दुसरा नाही, कंपन्यांची जाहिरातबाजी नाही. धावा, चाला, सायकल चालवा, पण येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पैसे मागून आणा. म्हणजे फी भरली आणि आपलं कर्तव्य संपलं, ही पळवाटच बंद. १९८८ मध्ये टेरी फॉक्स फाउंडेशन कॅन्सर सोसायटीपासून वेगळं झालं. टेरीची आई बेटी फॉक्स २०११ मध्ये जाईपर्यंत या नियमांवर डोळ्यांत तेल घालून राखण करत होती. आजवर ८५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली आहे. बिनाफीची, बिनामेडलची स्पर्धा चालत नाही असं आमच्या बैठकीत जे छातीठोकपणे सांगत होते त्यांना मी हा आकडा वाचून दाखवला. ते म्हणाले, कॅनडाची गोष्ट वेगळी. असेलही.

आता जरा कडू भाग.

हा पैसा सगळ्याच कॅन्सरच्या संशोधनाला गेला. टेरीची मागणीच तशी होती आणि ती योग्यही होती. पण टेरीचा आणि ग्रेगचा जो आजार, त्याचं काय? नुसता पाय कापायचा काळ होता तेव्हा पाचातला एखादा मुलगा वाचायचा. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन ही औषधं आल्यावर, आजार पसरलेला नसेल तर, दहातली सहा-सात मुलं वाचू लागली. हे १९८० च्या दशकात घडलं. आणि आकडा जवळपास तिथेच अडकला. तेवढ्याच काळात लहान मुलांचा सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर श्रीमंत देशांत नव्वद टक्क्यांच्या घरात बरा व्हायला लागला. हाडाच्या कॅन्सरसाठी १७ देशांनी एकत्र येऊन २,२६० रुग्णांची युरामोस नावाची चाचणी केली. पहिल्या औषधांना ज्यांची गाठ नीट प्रतिसाद देत नाही त्यांना आणखी दोन औषधं जास्त द्यायची. निकाल २०१६ मध्ये आला: फायदा नाही, त्रास मात्र जास्त. सतरा देश यासाठी लागले की एकेका देशात असे रुग्णच मूठभर. औषध कंपन्यांना एवढ्या छोट्या बाजारात रस नाही. म्हणून मुलांच्या कॅन्सरवरचं संशोधन दानावर आणि सरकारी पैशावरच जास्त चालतं, आणि मोठ्या सामायिक हंडीत टाकलेला पैसा आपोआप त्यांच्या ताटात पडत नाही. टेरीच्या नावाच्या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये प्रोफाइल नावाचा प्रकल्प सुरू केला. ज्या मुलांचा आणि तरुणांचा कॅन्सर उपचारांना दाद देत नाही किंवा उलटतो, त्यांच्या गाठीतल्या जनुकांचा नकाशा काढून औषध शोधायचं. टेरी आज असता तर या प्रकल्पात बसला असता.

इथवर मी बैठकीत वाचलं आणि आमच्यातल्या एक बाई, ज्या परळला टाटा मेमोरियलबाहेरच्या फुटपाथवर राहिलेल्या कुटुंबांना अनेक वर्षं डबे पोचवतात, शांतपणे म्हणाल्या, “अहो, संशोधन वगैरे ठीक आहे. पण बिहारहून आलेल्या पोराचा तिसरा केमो पैशावाचून राहतोय. त्याला काय सांगू? नकाशा काढतायत म्हणून?”

उत्तर सोपं नव्हतं. आपल्याकडे मुलं मरतात ती पुष्कळदा औषध नाही म्हणून नव्हे, तर उशिरा येतात म्हणून, आणि उपचार अर्धवट सोडून गावी परततात म्हणून. कॅनडातली मागणी इथे जशीच्या तशी उचलली तर ते ढोंग होईल. पण संशोधन म्हणजे फक्त नळ्या आणि सूक्ष्मदर्शक, हेही खरं नाही. जास्त मात्रेचा मेथोट्रेक्सेट द्यायचा तर मुलाला काही दिवस भरती ठेवावं लागतं, रक्तातली औषधाची पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते आणि वेळेवर उतारा द्यावा लागतो. जिल्ह्याच्या गावी हे कुठे? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते औषध वगळून ओजीएस-१२ ही पद्धत बांधली, रुग्णांवर वापरून तिचे निकाल प्रसिद्ध केले, आणि ते परदेशातल्या आकड्यांच्या शेजारी ठेवता येतील असे निघाले. पाय कापण्याऐवजी आत बसवायचा सांधा परदेशातून आणला तर लाखांत जातो. देशात कमी खर्चाचा सांधा बनवून तो किती वर्षं टिकतो याचा पाठपुरावा करणं, हेही संशोधनच. कोणती मुलं उपचार सोडतात, कितव्या केमोनंतर, का, याची नोंद ठेवणारा एक माणूस पगारावर ठेवणं हेसुद्धा. अशा नोंदी ठेवणाऱ्याचा पगार द्यायला दाता मिळत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

तासभर वाद झाला. शेवटी दोन वाटे ठरले. एक मुलांच्या राहण्या-खाण्या-प्रवासाला, एक मुलांच्याच कॅन्सरच्या इथल्या संशोधनाला, आणि पावती थेट त्या त्या संस्थेच्या नावाने, आमच्या ग्रुपच्या खात्यात एक रुपयाही येणार नाही. प्रत्येकाने दहा घरांत जायचं आणि घरटी शंभर रुपये मागायचे, कमी नाही, जास्त दिले तर हरकत नाही. फी नाही. टी-शर्ट ज्याचा त्याने आणायचा. पाण्याचे जार एका सभासदाच्या दुकानातून. झुंबावाला रद्द झाला तेव्हा टाळ्या पडल्या, त्यावरून तो आधीपासूनच कोणाला नको होता असं दिसतं.

मेडलवर मात्र अडलं. आमचे एक काका, वय ६८, घरात मेडलांची भिंत. ते म्हणाले बाकी सगळं मान्य, पण मेडल हवंच, स्वखर्चाने का होईना. डबेवाल्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काका, तुमची दहा घरं झाली का?” काकांनी चष्मा लावला आणि सोसायटीतली यादी लिहायला घेतली. ‘ए’ विंगपासून.